दर मिनिटाला आकडा येतो, मग साठामोजणी कशाला?

प्रश्न विचारणारे इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहेत आणि एका रासायनिक कारखान्यात काम करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या (म्हणजे वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून त्यातलं प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढणाऱ्या) प्रकल्पात प्रत्येक टाकीवर लेव्हल, घनता, तापमान मोजणारी यंत्रं असतात आणि त्यांचे आकडे सतत येत असतात. तरीही ठरावीक काळाने काम थांबवून, टाक्या आणि पाइप धुऊन काढून साठा मोजतात. सतत नजर ठेवणारी यंत्रणा नीट बसवली तर ही मोजणी बंद करता येईल का? तशी यंत्रणा डिझाइन करायची तर सुरुवात कुठून करावी? आणि हल्लीचं मशीन लर्निंग यात किती कामाचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, आणि ते समजलं की दुसऱ्याचं निम्मं उत्तर मिळतं. तिसऱ्यावर शेवटी बोलतो.

या धंद्यात येण्याआधी मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दोन हंगाम काढले. अणुसाहित्याच्या हिशेबाबद्दल मला जे कळतं त्याचा पाया तिथे पडला. उसाचं वजन काट्यावर होतं, मिश्र रसाचं वजन होतं, बगॅस, प्रेसमड आणि मळीत किती साखर गेली ते लॅब रोज काढते, पोती मोजलेली असतात. एवढं सगळं मांडूनही बेरीज जुळत नाही, आणि जे उरतं त्याला ‘अननोन लॉस’ म्हणतात. हा आकडा वाढला की चीफ केमिस्टला बोलावणं येतं. कारखाना चालू असताना पॅनमध्ये, क्रिस्टलायझरमध्ये, पाइपांत किती साखर आहे हे अंदाजानेच धरावं लागतं, त्यामुळे रोजचा अननोन लॉस वरखाली नाचत असतो. खरा आकडा हंगाम संपून शेवटचा पॅन उतरला की कळतो. एकदा आमचा आठवड्याचा अननोन लॉस उणे आला आणि सगळे खूश झाले. आमच्या जुन्या केमिस्टसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. ते म्हणाले, “साखर हरवली तर ती गटारात शोधता येते. आभाळातून पडली तर शोधायची कुठे?” तूट दाखवणारा आकडा कदाचित खरा असतो. उणी तूट दाखवणारा आकडा शंभर टक्के मोजमापाची चूक असतो.

अणुसाहित्याचा हिशेब अगदी असाच चालतो. सुरुवातीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक, वजा प्रत्यक्ष मोजलेली अखेरची शिल्लक. जे उरतं त्याला या क्षेत्रात सगळे ‘मफ’ म्हणतात, म्हणजे हिशेबात न सापडलेला माल. मफ शून्य कधीच नसतो. तो शून्य आला तर मी आधी वहीकडे संशयाने बघेन. प्रश्न फक्त एवढाच असतो की आलेला मफ मोजमापाच्या चुकांनी समजावता येतो की नाही.

साखरेत आणि यात फरक आहे तो परिणामांचा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ‘लक्षणीय मात्रा’ म्हणून, म्हणजे जेवढ्यातून एक अणुबॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही तेवढा माल म्हणून, जे आकडे धरले आहेत त्यांत प्लुटोनियमसाठी ८ किलो आहे, आणि अतिसमृद्ध युरेनियमसाठी (ज्यात युरेनियम-२३५ चा वाटा खूप वाढवलेला असतो) त्यातल्या युरेनियम-२३५ चे २५ किलो. जोडीला वेळेचं बंधन आहे. वेगळं काढलेलं प्लुटोनियम नाहीसं झालं तर ते साधारण महिन्याभरात कळलं पाहिजे, वापरलेल्या इंधनातलं असेल तर तीन महिन्यांत, आणि कमी समृद्ध किंवा नैसर्गिक युरेनियम असेल तर वर्षात. म्हणजे किती हरवलं याच्याइतकंच किती लवकर कळलं यालाही महत्त्व आहे. वर्षाची साठामोजणी यांतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. दुसऱ्यासाठी सतत नजर लागते. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की गणित कसं फसतं ते आता दाखवतो.

जपानमधला रोक्काशो प्रकल्प घ्या. १९९३ साली बांधकाम सुरू झालं आणि पूर्ण होण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली, तो भाग सोडा. त्याची आखलेली क्षमता वर्षाला ८०० टन वापरलेलं इंधन, म्हणजे सुमारे ८ टन प्लुटोनियम. पुनर्प्रक्रिया प्रकल्पाच्या एकूण ताळेबंदात साधारण १ टक्का अनिश्चितता धरायची असा जुना आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. ८ टनांचा १ टक्का ८० किलो. चांगली यंत्रं, चांगली लॅब, चांगली माणसं लावून ती ०.३ टक्क्यांवर आणली तरी २४ किलो. आणि ८ किलोची तूट ९५ टक्के खात्रीने पकडायची, खोट्या अलार्मचं प्रमाण ५ टक्क्यांवर ठेवायचं, तर अनिश्चितता अडीच किलोंच्या आत हवी. वर्षाच्या एका ताळेबंदाने हे होत नाही.

मग वर्ष तोडा, असं कोणीही म्हणेल. महिन्याला साधारण ६७० किलो प्लुटोनियम फिरतं, त्याचे ०.३ टक्के म्हणजे २ किलो. अडीचच्या आत आलो! प्रत्येक महिन्यापुरतं हे खरंच आहे, आणि ‘जवळजवळ तत्काळ हिशेब’ नावाची जी पद्धत १९८०च्या दशकापासून विकसित झाली ती याच कल्पनेवर उभी आहे. पण आता कोणी मोठी तूट एका महिन्यात न करता थोडीथोडी बारा महिन्यांत वाटली तर? बारा महिन्यांच्या चुका एकमेकींपासून सुट्या असतील, तर त्यांची वर्गमुळाने बेरीज होऊन वर्षाला ७ किलो होतात. पण त्या एकाच कॅलिब्रेशनमधून, एकाच संदर्भ द्रावणातून, लेव्हलवरून घनमान सांगणाऱ्या एकाच चुकीच्या टाकी-तक्त्यातून आलेल्या असतील, तर त्या सरळ बेरजेने वाढतात आणि आपण पुन्हा २४ किलोंवर येतो. रँडम चूक, म्हणजे कधी वर कधी खाली जाणारी, वारंवार मोजून कमी होते. सिस्टिमॅटिक चूक, म्हणजे दरवेळी एकाच दिशेला जाणारी, मिनिटाला मोजा नाही तर सेकंदाला, जिथे आहे तिथेच बसून राहते. सेन्सरवाल्या मंडळींना हे पटवायला मला दरवेळी सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण त्यांच्याकडे आकड्यांचा ढीग असतो आणि ढीग बघून माणसाला धीर येतो.

म्हणून डिझाइनची सुरुवात सेन्सरच्या यादीपासून करू नका. चुकांच्या यादीपासून करा. एक तक्ता बनवा: कुठल्या जागी काय मोजतो, रँडम चूक किती, सिस्टिमॅटिक किती, आणि शेवटचा रकाना, जो बहुतेक जण विसरतात, की ही सिस्टिमॅटिक चूक आणखी कुठल्या मोजमापाशी वाटून घेतलेली आहे. दोन टाक्यांच्या प्रेशर ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन एकाच मास्टर गेजने केलं असेल, तर त्या दोन टाक्या एकमेकींच्या साक्षीदार नाहीत. हा शेवटचा रकाना भरला की कुठे पैसे घालायचे ते आपोआप दिसतं. बहुधा उत्तर नवा सेन्सर नसतं. टाकीचं पुन्हा कॅलिब्रेशन असतं, जे कोणालाच नको असतं, कारण त्यासाठी काम थांबवावं लागतं.

आता एक टाकी जवळून बघू. किरणोत्सारी आम्लात फ्लोट किंवा इलेक्ट्रॉनिक सेन्सर सोडता येत नाही, म्हणून टाकीत तीन बारीक नळ्या सोडतात आणि त्यांतून अगदी सावकाश हवा सोडतात. एक नळी तळाशी, दुसरी ठरावीक उंची सोडून तिच्या वर, तिसरी द्रवाच्या वर मोकळ्या जागेत. बुडालेल्या दोन नळ्यांमधल्या दाबाच्या फरकातून घनता कळते. तळाच्या आणि मोकळ्या नळीतल्या फरकाला त्या घनतेचा हिशेब लावला की लेव्हल. लेव्हलवरून तक्ता बघून घनमान, आणि घनमानाला नमुन्यातल्या सांद्रतेने गुणलं की प्लुटोनियम. हलणारा एकही भाग नाही, इलेक्ट्रॉनिक्स सगळं जाड भिंतीबाहेर. पन्नास वर्षं झाली तरी याला चांगला पर्याय मला दिसलेला नाही.

द्रवाची घनता १.४ धरली तर लेव्हलमधला १ मिलिमीटर म्हणजे जेमतेम १४ पास्कल. वातावरणाचा दाब १ लाख पास्कलच्या घरात, त्यामुळे तिसरी नळी नसेल तर दारं उघडली-मिटली तरी लेव्हल हलेल. टाकीचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर असेल तर तो १ मिलिमीटर म्हणजे २ लिटर द्रव. या नळ्यांचं नेहमीचं दुखणं म्हणजे तोंडाशी क्षार जमतो. हवेला बाहेर पडायला थोडा जास्त दाब लागतो, आणि टाकी भरत नसतानाही लेव्हल दिवसाला एखादा मिलिमीटर वर सरकत जाते. मग कोणीतरी नळी धुतो आणि लेव्हल एका झटक्यात खाली येते. ज्याला ही गोष्ट माहीत नाही त्याला वाटतं, दहा-बारा लिटर द्रव गेला कुठे? एका प्रकल्पात अशाच एका ‘गायब’ द्रवापायी आमची रात्रपाळी पहाटेपर्यंत बसली होती. नळी धुतल्याची नोंद होती, पण ती देखभाल विभागाच्या कागदी वहीत, आणि ती वही दुसऱ्या इमारतीत कुलपात. तेव्हापासून मी कुठल्याही यंत्रणेच्या पहिल्या आराखड्यातच एक रकाना मागतो: धुलाई, कॅलिब्रेशन, व्हॉल्व्ह बदलणं, सगळं त्याच वेळरेषेवर दिसलं पाहिजे जिथे दाबाचे आकडे दिसतात.

या आकड्यांचं करायचं काय? दर क्षणाचा मफ काढत बसायचं नाही. टाकीला मोजक्या अवस्था असतात: भरतेय, ढवळतेय, नमुना घेतायत, रिकामी होतेय, नुसती उभी आहे. यंत्रणेचं पहिलं काम दाबाच्या रेषेवरून ही अवस्था ओळखणं. एकदा अवस्था कळली की प्रत्येक अवस्थेला एक साधा नियम लागतो. उभ्या टाकीतलं द्रव्य बाष्पीभवनाच्या हिशेबापलीकडे कमी होता कामा नये. एका टाकीतून जेवढं निघालं तेवढं पुढच्या टाकीत पोहोचलं पाहिजे, पाइपात राहिलेलं सोडून. ढवळताना लेव्हल थरथरेल, पण सरासरी हलता कामा नये. वर्षाला हजारो स्थलांतरं होतात आणि प्रत्येकाचा एक छोटा ताळेबंद मिळतो. यात गंमत अशी की इथे सिस्टिमॅटिक चुकीचा जाच कमी होतो. टाकीचा तक्ता अर्धा टक्का चुकीचा असला तरी प्रत्येक वेळी तेवढाच चुकतो, त्यामुळे ‘अ’कडून ‘ब’कडे जाताना दिसणारा फरक रोज सारखाच येतो. तो एके दिवशी बदलला की काहीतरी घडलेलं असतं. एकूण किती माल आहे हे सतत नजर ठेवणारी यंत्रणा वाईट सांगते, पण काल होतं तसं आज नाही हे ती फार चांगलं सांगते. साठामोजणीचं बरोबर उलट आहे, म्हणून दोन्ही लागतात.

घड्याळांबद्दल दोन शब्द, कारण हे कुठल्याच पुस्तकात नीट सांगितलेलं नसतं. ‘अ’ टाकीचा संगणक आणि ‘ब’ टाकीचा संगणक यांत चाळीस सेकंदांचा फरक असेल तर प्रत्येक स्थलांतरात चाळीस सेकंद माल कुठेच नसतो. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात. स्थानिक वेळ वापरणाऱ्या एका यंत्रणेत त्या रात्री दोन ते तीनचा तास दोनदा नोंदला गेला आणि एक टाकी दोनदा रिकामी झालेली दिसली. आपल्याकडे हा प्रकार नाही म्हणून आपण बेफिकीर असतो, पण यंत्रणा बनवणाऱ्याने जागतिक वेळेतच नोंद ठेवावी आणि स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवावी.

आता ज्या घटनेवरून मी या विषयाकडे बघतो ती सांगतो. इंग्लंडमध्ये सेलाफिल्डला थॉर्प नावाचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प होता. एप्रिल २००५ मध्ये तिथल्या एका बंद कक्षात कॅमेरा सोडला तेव्हा तळाशी ८३ घनमीटर द्रावण साचलेलं दिसलं. त्यात सुमारे २० टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम होतं. लक्षणीय मात्रेच्या वीसपट. माल चोरीला गेला नव्हता, बाहेर एक थेंब गेला नव्हता, स्टेनलेस स्टीलने मढवलेल्या कक्षाने आपलं काम चोख केलं. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर घटनेला तिसरी पातळी मिळाली आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला ५ लाख पौंड दंड केला. पण गळती काही महिने चालू होती. कक्षाच्या तळाच्या खळग्यातल्या नमुन्यांत युरेनियम आधीच दिसलं होतं. खळग्यातल्या लेव्हलची यंत्रं होती, अलार्म होते. लोकांना त्या अलार्मची सवय झाली होती. अखेर संशय पक्का झाला तो हिशेबामुळे, आवक आणि पुढच्या मोजमापात न जुळणारा फरक वाढत गेला तेव्हा.

त्या चौकशीतला मला सर्वांत बोलका वाटलेला भाग तुटलेल्या पाइपाचा आहे. तो हिशेबाच्या टाकीलाच, म्हणजे येणारा माल जिथे मोजतात तिलाच, जोडलेला होता. या टाकीचं वजन अचूक व्हावं म्हणून ती वरून टांगलेली होती. टांगलेली वस्तू हलते. ढवळताना हलते, भरताना हलते. तिला बाजूने रोखण्याची मूळ कल्पना पुढे बदलली, आणि वर्षानुवर्षांच्या त्या हलण्याने पाइपाचं तोंड थकून तडकलं. अचूक मोजण्यासाठी केलेली सोयच गळतीचं कारण झाली. सेन्सर बसवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं की मोजमापाचं यंत्र हा प्रकल्पाचाच एक भाग आहे, त्याचंही वजन, कंपन आणि आयुष्य प्रकल्पाला सोसावं लागतं.

आणि दुसरा भाग: तिथल्या हिशेबाच्या पद्धतीला गळती शोधायचं काम दिलेलंच नव्हतं. तो हिशेब आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी, आपल्या गतीने, इंधनाच्या एका खेपेनंतर दुसऱ्या खेपेचा असा चाले. म्हणजे आकडे होते, आकडे बरोबर होते, पण तो फरक कोणी, किती तासांत बघायचा आणि बघून कुणाला उठवायचं हे ठरलेलं नव्हतं. तुम्ही डिझाइन करत असाल तर हे कागदावर आधी लिहा, सॉफ्टवेअरची पहिली ओळ लिहिण्याआधी. ‘अलार्म वाजेल’ हे वाक्य अपुरं आहे. कोण उत्तर देईल, कुठल्या मुदतीत, आणि उत्तर न मिळाल्यास काय थांबवायचं, तिथपर्यंत लिहा.

अलार्मची संख्या हा याचाच दुसरा चेहरा. समजा तुम्ही रोज एक चाचणी घेता आणि खोट्या अलार्मची शक्यता ५ टक्के ठेवता. वर्षाच्या ३०० दिवसांत काहीही न घडता १५ अलार्म येतील. चाचणी तासाला घेतलीत तर महिन्याभरात लोक तुमची यंत्रणा म्यूट करतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणून खोट्या अलार्मचं प्रमाण एका चाचणीला न ठरवता वर्षाला ठरवावं. वर्षाला एखाद-दुसरा चालेल, असं म्हणून उंबरठा मागे मोजत यायचं. हळूहळू साचणाऱ्या फरकासाठी फरकांची चालती बेरीज धरणारी पेजची चाचणी वापरतात. तिचा फायदा असा की एका दिवसाच्या छोट्या फरकावर ती गप्प बसते, पण तोच फरक त्याच दिशेने आठवडाभर आला की बोलते.

सतत नजर कुठे आंधळी पडते याचं धडधडीत उदाहरण जपानचं आहे. टोकाईच्या प्लुटोनियम इंधन बनवणाऱ्या स्वयंचलित कारखान्यात सगळं काम बंद काचपेट्यांत यंत्रांनी होई. माणसाचा हात नाही, मोजमाप छान, नोंदी चोख. १९९४ पर्यंत त्या यंत्रांच्या सांदीकोपऱ्यांत, पेट्यांच्या भिंतींवर सुमारे ७० किलो प्लुटोनियमची पूड साचली होती. भाकरीची परात कितीही झटकली तरी कडेला पीठ राहतंच. इथे परातींची मोठी रांग होती आणि प्रत्येकीत कितीतरी कडा. बाहेरून न्यूट्रॉन मोजून आत किती अडकलंय याचा अंदाज काढता येत होता, पण त्या अंदाजाची चूकच मोठी. शेवटी पेट्या उघडून, साफ करून, यंत्रं बदलून तो साठा कमी करावा लागला. द्रवाच्या टाकीत सतत नजर जितकी सरस, पुडीच्या कारखान्यात तितकीच ती अपुरी. तिथे माझा सल्ला सेन्सर वाढवण्याचा नसेल. पेटीची रचनाच अशी करा की पूड साचायला कोपरा मिळणार नाही आणि मोजणारं यंत्र प्रत्येक बाजूला सारख्या अंतरावर पोहोचेल. हे नकाशावर करायला काहीच लागत नाही, बांधून झाल्यावर करायला वर्षं लागतात.

टोकाईच्याच पुनर्प्रक्रिया प्रकल्पाबद्दल २००३ साली जाहीर झालं की पंचवीस वर्षांत आवकेच्या अंदाजात आणि प्रत्यक्ष मिळालेल्या प्लुटोनियममध्ये २०६ किलोंचा फरक साचला आहे. बातमी मोठी झाली. खोलात गेल्यावर कळलं की अणुभट्टीतून किती प्लुटोनियम निघेल हा मूळ आकडा गणिताने काढलेला होता, मोजलेला नव्हता. काही भाग टाकाऊ द्रावणात आणि इंधनाच्या कापलेल्या नळ्यांत गेलेला, आणि काही कॅलेंडरनेच खाल्लेला. हे शेवटचं नवख्यांना खरं वाटत नाही. प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य १४ वर्षांहून थोडंसं जास्त आहे, आणि ते अमेरिशियम होऊन जातं. एक टन प्लुटोनियममध्ये त्याचा वाटा १२ टक्के धरला, तर कपाटात बंद ठेवूनही वर्षात साडेपाच किलोंहून जास्त प्लुटोनियम कमी होतं. साखरवाल्यांना हे लगेच कळेल: रस तापत ठेवला की इन्व्हर्जनने, म्हणजे रूप बदलून, साखर जाते, सांडत मात्र काहीच नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला ‘कुठल्या तारखेचं मोजमाप’ हा रकाना नसेल, तर तुमची यंत्रणा दरवर्षी प्लुटोनियम हरवत जाईल.

विश्वासाचा प्रश्न वेगळाच. तुमच्या कारखान्यात सेन्सर तुमचा, संगणक तुमचा, आकडा तुमचा. इथे आकडा तपासणाऱ्याला मालकावर विसंबून राहायचं नसतं आणि मालकाला आपल्या प्रक्रियेची गुपितं उघडी करायची नसतात. साधारण तोडगा असा: सेन्सर दोघांत एक, पण त्याचा सिग्नल मालकाच्या संगणकात शिरण्याआधीच फुटतो. तपासणी संस्थेचा भाग सीलबंद पेटीत जातो, जी उघडली तर खूण राहते, आणि प्रत्येक वाचनावर उगमापाशीच डिजिटल सही होते. कच्चा दाब जपून ठेवायचा, त्यावरून काढलेलं घनमान केव्हाही पुन्हा काढता येतं. फक्त घनमान ठेवलंत आणि तक्ता नंतर चुकीचा निघाला, तर मागची सगळी वर्षं गेली.

खंड पडला तर काय, हेही आधीच ठरवा. जानेवारी २०१६ मध्ये इराणच्या नतान्झ इथे समृद्धीकरणाच्या पाइपांवर सतत मोजणारी यंत्रं बसली. पाइपातल्या वायूतून येणारे गॅमा किरण, सोबत दाब आणि तापमान, यांवरून युरेनियम किती समृद्ध आहे ते ती अखंड सांगत. पूर्वी यासाठी नमुने घेऊन लॅबला पाठवावे लागत. जून २०२२ मध्ये इराणने ही यंत्रं आणि २७ कॅमेरे काढून टाकले. अशा खंडानंतर यंत्रं पुन्हा बसवून मधला काळ परत मिळत नाही. उरतो तो मार्ग म्हणजे जुना: साठा नव्याने मोजा, नोंदींशी ताडून बघा, आणि मधल्या काळाबद्दलची अनिश्चितता मान्य करा. राजकारणाचं सोडाच, एखाद्या रात्री वीज गेली आणि बॅकअपही बसला तरी लहान प्रमाणावर हेच होतं. म्हणून नजर तुटल्यावर कुठल्या टाक्या पुन्हा मोजायच्या याची यादी कपाटात तयार असावी.

अणुवीज केंद्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे काम सोपं आहे. तारापूरची पहिली दोन युनिटं पहिल्यापासून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आहेत. तिथे माल किलोत मोजायचा नसतो, इंधनाचे जुडगे क्रमांकानिशी मोजायचे असतात. कॅमेरा, सील आणि चांगली वही पुरते. काम चालू असतानाच इंधन बदलणाऱ्या भट्ट्यांत बाहेर पडणारा प्रत्येक जुडगा मोजायला डिटेक्टर लावतात, एवढंच.

राहिलं मशीन लर्निंग. टाकीची अवस्था ओळखायला ते चांगलं आहे, मी वापरलं आहे आणि पुन्हा वापरेन. नळीत क्षार साचत असल्याची चाहूल माणसाआधी त्याला लागते. पण फरक आहे की नाही याचा निवाडा त्याच्यावर सोपवू नका. ज्या घटनेसाठी हा सगळा खटाटोप आहे तिची उदाहरणं शिकवायला मिळत नाहीत आणि मिळू नयेत. मॉडेलने ‘विचित्र’ म्हटलं की तपासणी अधिकारी विचारणार, किती किलो आणि किती खात्रीने? त्याला त्या चुकांच्या तक्त्यातूनच उत्तर द्यावं लागतं.

सराव करायचा असेल तर अणुसाहित्य लागत नाही. तुमच्याच कारखान्यातली एक टाकी घ्या, जिथून माल दुसऱ्या टाकीत जातो. तीन महिन्यांचे आकडे काढा, प्रत्येक स्थलांतराचा निघालेला आणि पोहोचलेला माल मांडा आणि फरकाचा आलेख काढा. आलेख एकाएकी सरकलेला दिसेल अशी एखादी तारीख बहुधा सापडेल. मग देखभाल विभागात जाऊन त्या दिवशीची वही मागा.